तांदळात नसलेले पोरकिडे

डिसेंबरचा दुसरा रविवार. तांदूळ निवडायला घेतले होते.

टिटवाळ्याच्या पुढे आमचं गाव आहे. तिथली शेती माझे मोठे दीर आणि माझी जाऊ, सुमनताई, बघतात. दर वर्षी ताई आम्हाला वर्षभर पुरेल एवढा झिनी तांदूळ पाठवतात. नवा नाही, आदल्या वर्षीचा, कडुलिंबाचा पाला घालून पिंपात मुरलेला. या तांदळाचा त्यांना फार अभिमान. नात्यातल्या चार घरी तो जातो. त्या घरांत भात वाढला की कुणीतरी ‘ताईंचा तांदूळ’ असं म्हणावं ही त्यांची अपेक्षा असते, आणि म्हणतातही सगळे.

मी कल्याणच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीशी परात घेऊन बसले आणि पहिल्याच मुठीत पोरकिडा दिसला. काळा, बारीक. उचलायला बोट नेलं तर सरकला. दुसरा दिसला, तोही सरकला. थोड्या वेळात परातभर झाले. चाळणी आणून चाळून पाहिलं. खाली फक्त कणी पडली, किडा एकही नाही. म्हणजे चाळणीची भोकं बारीक आहेत, असा मी निष्कर्ष काढला. तांदळाला कीड लागली की आमच्याकडे उपाय ठरलेला आहे, उन्हात पसरायचे. बाल्कनीत चादर घातली, सगळे तांदूळ पसरले आणि ताईंना फोन लावला.

मी सरळ बोलते. घरच्यांना त्याची सवय आहे. आवडतं असं नाही. ताईंना म्हटलं, या वेळी तांदळात पोरकिडे झालेत. मग त्या म्हणाल्या की त्याच पिंपातला भात त्यांनी दुपारी खाल्ला आहे, तेव्हा ओल असेल तर ती माझ्या घरात असेल. मी म्हटलं, माझं घर कोरडं आहे. उद्या येते आणि बघते, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

रागावल्या आहेत हे कळलं. पण किडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

*

इथे थोडं मागचं सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग झाला तर याच भागाचा होईल.

त्याआधी आठवडाभर उजव्या डोळ्याच्या कडेला मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. क्षणभर, पांढरं. बहुतेक वेळा हॉलमध्ये संध्याकाळी. मी प्रकाशला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं की ट्यूब गेली आहे, बदल. तो डोंबिवलीत एमआयडीसीमधल्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याने तपासून सांगितलं की ट्यूब चांगली आहे. मी म्हटलं, लुकलुकते. त्याने वाद न घालता नवीन बसवली. दोन दिवसांनी अंधारात बेडरूमकडे जाताना परत चमकलं, तेव्हा मी नवीन ट्यूबही खराब निघाली असं म्हणाले. बेडरूमच्या पॅसेजमध्ये ट्यूबच नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुखत काही नव्हतं. लाल नव्हता, पाणी येत नव्हतं. दुखत नाही ते गंभीर नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. दिवसभर कॉम्प्युटर असतो. डोळे दमतात, त्यात काय.

*

सोमवारी सकाळी मी डबा करत होते. प्रकाश पहिल्या पाळीला निघून गेला होता. बेल वाजली. दारात ताई, काखेत त्यांचं स्वतःचं सूप. माझ्या सुपावर त्यांचा विश्वास नाही.

चहा नको म्हणाल्या. बाल्कनीतला तांदूळ गोळा केला, हॉलमध्ये खाली मांडी घालून बसल्या आणि सुपामागून सूप पाखडत गेल्या. पाखडलेला तांदूळ माझ्यासमोर परातीत ओतला.

“कुठंय कीड? दाखव.”

मी समोर बसले. “हा बघा.”

“कुठं?”

“तुमच्या बोटाजवळ. आता इकडे आला.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग परात उचलून मागे ठेवली. समोर नुसती पांढरी फरशी उरली. “आता?”

फरशीवर होते. मी मान वर केली तर भिंतीवर होते. मी नजर फिरवली की तेही फिरत होते, आणि थांबले की मागाहून सावकाश खाली बसत होते, पाण्यात चहापत्ती बसते तसे. एक ताईंच्या कपाळावरून उतरून गालावर आला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

“आता माझ्या तोंडाला पण पोरकिडे लागले काय गं?” ताई म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. ताई पुढे सरकल्या. दिरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तपासणीत एकेक डोळा झाकून बघायला सांगत, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तळहाताने माझा उजवा डोळा झाकला. सगळं स्वच्छ. मग डावा झाकला.

“ताई, तुमचा उजवा गुडघा दिसत नाहीये.”

त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. “हा काय, इथंच आहे.”

आवाज आला. गुडघा नव्हता. नाकाच्या बाजूने, खालून, एक करडी सावली वर आली होती. तिच्यामागे फरशी नव्हती, परातीची कड नव्हती आणि ताईंचा गुडघा नव्हता. हे केव्हापासून होतं कोण जाणे. डाव्या डोळ्याने सांभाळून घेतलं होतं, म्हणून मला पत्ताच नव्हता.

“मोतीबिंदू झालाय तुला,” ताईंनी निदान केलं.

मी म्हटलं, संध्याकाळी शाळेतून येताना दाखवून येते. आज पगारपत्रकं जायची आहेत. ताई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कुकरखालचा गॅस बंद केला आणि दारात जाऊन चपला घालू लागल्या.

“तू येतेस, का मी एकटीच जाऊ डॉक्टरकडे?”

*

कल्याणच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहेर बसवलं. बाहुली मोठी होईपर्यंत डोळे मिटून बसायचं. त्या बाकावर सगळेच डोळे मिटून बसलेले असतात. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे माणसं बरंच बोलतात. माझ्या शेजारची बाई विठ्ठलवाडीची होती. तिने नंबर येईपर्यंत तिच्या सुनेचं सगळं सांगितलं. ताईंनी तिला सल्लाही दिला.

आत डॉक्टरांनी कपाळावरच्या दिव्याने बराच वेळ पाहिलं. वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा. मग दिवा बंद करून खुर्ची पुढे ओढली. मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, एका जागी फाटला होता आणि तिथून सुटत चालला होता. ओल आली की भिंतीचा पोपडा सुटतो तसा, असं ते म्हणाले. चमकणं हे तो ओढला जात असल्याचं लक्षण होतं, काळे ठिपके फाटल्याचं, आणि ती सावली म्हणजे सुटलेला भाग.

“मधला भाग अजून चिकटलेला आहे,” ते म्हणाले. “वाचता येतं, चेहरा ओळखता येतो, ते त्या भागामुळे. तो सुटायच्या आधी ऑपरेशन झालं तर बरं. नंतर झालं, तर पडदा बसेल, पण नजर किती येईल सांगता येणार नाही. आजच ठाण्याला जा. आणि हादरे बसू देऊ नका.”

कल्याणहून ठाण्याला हादरे न बसता जायचं. मी टॅक्सीवाल्याला हळू चालवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, या रस्त्यावर दुसरं काही करताच येत नाही. ताईंनी डोक्यावरचा भरलेला हंडा सावरावा तसं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, ते ठाणं येईपर्यंत सोडलं नाही. खड्डा आला की त्या ड्रायव्हरला नावं ठेवत होत्या. त्याने एकदा आरशातून बघून विचारलं, तुमच्या आई का. मी म्हटलं, जाऊ. त्याने गाडी आणखी हळू घेतली.

*

ठाण्याच्या डॉक्टरांनी आडवं झोपवून, बोथट सळईसारख्या हत्याराने डोळा बाहेरून दाबत, आतला कोपरा न् कोपरा पाहिला. सगळ्या आजारपणात मला सर्वांत जास्त त्रास या तपासणीचा झाला. आधी कुणी सांगितलं असतं तर तयारीने गेले असते, म्हणून लिहिते आहे. दुखतं, पण थोडा वेळ. मान सैल सोडली की कमी दुखतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ऑपरेशन माझं, असं ठरलं. तोवर सांगितलेल्या कुशीवर पडून राहायचं. प्रकाश कंपनीतून थेट आला. आल्याआल्या त्याने विचारलं, मला सकाळीच का नाही सांगितलंस. मी म्हटलं, फोन केला तेव्हा तू मशीनवर होतास, उचलला नाहीस. म्हणाला, पण ताईंना आधी कळलं. मी म्हटलं, त्या तांदूळ बघायला आल्या होत्या. त्याला ते पटलं नाही. माणूस घाबरला की कुठल्या तरी गोष्टीवरून रुसतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी उलट म्हटलं, ट्यूब तू बदललीस, डोळा बदलता येत नाही. तो बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

भीती मला फक्त एका गोष्टीची होती. सावली रात्रीतून वर चढेल आणि मध्यापर्यंत जाईल. ऑपरेशनची भीती नव्हती. उशीर होण्याची होती. मी दर थोड्या वेळाने उठून डावा डोळा झाकून बघायची. ताई समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचंच मोजमाप घेतलं. नजर त्यांच्या नाकावर ठेवायची. नाक म्हणजे मधला भाग. संध्याकाळी दोन्ही गुडघे गेलेले होते आणि मांडीवरचे हात होते. थोड्या वेळाने हात गेले. बांगड्यांचा आवाज येत होता, हात नव्हते.

“ताई, हलू नका.”

“नाही हलत.”

नर्स रागावली, डोळे मिटून पडा म्हणाली. मी पडले. पण मधूनच विचारायची, तिथेच आहात ना. त्या तिथेच होत्या. मी बघेन तेव्हा त्या बसल्या जागेवरून हललेल्या असतील तर माझा हिशोब चुकेल, हे त्यांना न सांगता कळलं होतं. प्रकाशने चहा आणला तो त्यांनी बसल्या जागी घेतला. तोही मग माझ्या पायाशी बसला, ते बरं झालं.

सकाळी मला न्यायला आले तेव्हा मी शेवटचं पाहिलं. ताईंच्या गळ्यातली पोत गेली होती. हनुवटी निम्मी होती. नाक होतं.

“आहे का अजून?” ताईंनी विचारलं.

“आहे.”

“मग जा.”

*

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात, ते ऐकायला वाईट आणि प्रत्यक्षात सोसण्यासारखं आहे. तोंडावर हिरवं कापड असतं. मी जागी होते. आतून उजेड आणि पाण्यात हलणाऱ्या सावल्या दिसत होत्या. डॉक्टर आणि त्यांची मदतनीस कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीबद्दल बोलत होते. ते ऐकून मी निर्धास्त झाले. डोळा हातचा जात असता तर मेथीचा विषय निघाला नसता.

पडदा जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो हलका असल्यामुळे वर जातो; म्हणून बुडबुड्याने पडद्यावर टेकावं यासाठी आपण तोंड खाली करून राहायचं. बसताना, जेवताना, झोपताना. आठवडाभर. प्रकाशने मला हे पाणसळीतल्या बुडबुड्याचं उदाहरण देऊन समजावलं. गवंडी लेव्हल बघतात तिच्यात असतो तसा. मला डॉक्टरांपेक्षा ते लवकर कळलं, आणि तोही जरा सुधारला. काहीतरी त्याच्या खात्यातलं निघालं होतं.

*

तो आठवडा मी पायांकडे बघून काढला. चांगल्या डोळ्याने दिसायचं ते एवढंच, फरशी आणि पाय. कोण आलं ते पायांवरून ओळखायची. शाळेतल्या शिपाईबाई आल्या त्या भेगांवरून कळल्या. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलता येईना म्हणून सरळ फरशीवर उताण्या झोपल्या. वयाच्या मानाने फार लवचिक आहेत. झोपूनच त्यांनी सोसायटीच्या पाण्याचा विषय पूर्ण केला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी. टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकवावं, नाक मोकळं राहील असं. चहा स्ट्रॉने प्यावा. पोळीभाजी मांडीवरच्या ताटात व्यवस्थित खाता येते, आमटीभात नाही. मान धरते, गरम पाण्याची पिशवी हाताशी ठेवावी. केस धुवायचे नसतात, त्याची लाज बाळगू नये. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा राग येतो. तो जातो.

माझा राग प्रकाशवर निघाला. तो थेंब घालायला आला की दर वेळी विचारायचा, आता काय दिसतं. मी म्हणायची, पाणी. पुन्हा थोड्या वेळाने, आता. मी म्हटलं, अरे, तुझ्या मशीनचं रीडिंग नाही हे. तो थेंबांची बाटली ठेवून बाल्कनीत गेला. ताई आतून आल्या. त्यांचे पाय माझ्यासमोर थांबले, जोडवी झिजलेली. मला वाटलं बोलतील. त्यांनी खाली एक पातेलं ठेवलं. कोमट पाण्यात मोड आलेले वाल होते.

“बिरडं करायचंय. तोंड खालीच आहे तर सोल.”

वाल सोलायला डोळे लागत नाहीत. चिमटीत धरायचा, दाबायचा, डाळिंबी सुटून पाण्यात पडते. मी मिटल्या डोळ्यांनी सगळं पातेलं सोललं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा घरातलं काही काम केलं होतं. नंतर प्रकाशला हाक मारली आणि म्हटलं, विचार काय विचारायचं ते. तो म्हणाला, काय दिसतं. मी म्हटलं, मधोमध मोठा गोल आहे, कडेने तुझ्या पायाचा अंगठा दिसतो, नख काप.

त्याने लगेच कापलं.

ताई आठवडाभर राहिल्या. गावाकडे दीर एकटे होते, शेजारच्या घरी जेवत होते. तांदळाबद्दल ताईंनी मला एकदाही ऐकवलं नाही. मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “मी आले होते माझ्या तांदळाची अब्रू वाचवायला. हिचा डोळा मधेच निघाला.” मी खाली मान घालून ऐकत होते. दुसरा इलाज नव्हता.

*

बुडबुडा हळूहळू विरतो. उभं राहिलं की आधी वरच्या बाजूने स्वच्छ दिसू लागतं आणि खाली पाण्याची रेघ डचमळते. रोज रेघ थोडी खाली. वरून आधी पंखा परत आला, मग दाराची चौकट, मग माणसांची डोकी. शेवटी बुडबुडा टिकलीएवढा झाला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि एका सकाळी दोन्ही नव्हते. तोवर संक्रांत होऊन गेली होती. मी शाळेत जायला लागले. पगारपत्रकं त्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी पाठवली होती आणि काही बिघडलं नव्हतं, हे मला थोडं लागलं.

फेब्रुवारीत ठाण्याला शेवटची मोठी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, पडदा नीट बसलाय, मधला भाग शाबूत राहिला. एक दिवस उशीर केला असतात तर मी हे बोललो नसतो. नजर पूर्वीइतकी नाही. उजव्या डोळ्याने सरळ रेषा किंचित वाकडी दिसते. कडेची थोडी सावली राहिली आहे, आणि एकदोन काळे ठिपकेही. ते राहणार. नवीन आले, चमकलं, तर त्याच दिवशी यायचं. पुढे मोतीबिंदूही लवकर होईल, असं त्यांनी सांगितलं. ताईंना फोनवर हे कळवलं, तर म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं का.

आता दर सकाळी ब्रश करताना मी एकेक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्स बघते. वेळ लागत नाही. तुम्हीही बघा.

त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी परात घेतली आणि हॉलच्या खिडकीशी तांदूळ निवडायला बसले. तेच तांदूळ, डब्यात राहिलेले. दोन मुठी झाल्या आणि पांढऱ्यावर एक काळा ठिपका दिसला. मी थांबले. डोळे फिरवले, तो फिरला नाही. उजवा डोळा झाकला, होता. डावा झाकला, आणि आता फक्त ऑपरेशनच्या डोळ्याने बघितलं. परातीची कड जरा वाकडी दिसली. तिच्यावरून सहा पायांचा एक पोरकिडा, सोंड वर करून, सावकाश चालला होता.

बोट पुढे केलं. तो बोटावर चढला. मी त्याला उजव्या डोळ्याने नीट पाहून घेतलं आणि खिडकीतून खाली सोडला.

ताईंना फोन केला नाही. तांदूळ धुतले आणि कुकर लावला.